दारातली कुंती

१८ मे, रवि.
काकांनी आज बाबांची स्कूटर नेली. टेम्पोत चढवून मनावरला, त्यांच्या गावी. वर्षश्राद्ध झालं की न्यायची असं ठरलेलंच होतं, ते गेल्या आठवड्यात झालं. आई स्वयंपाकघरात दुधापुढे उभी होती. हलली नाही. दूध वर आलं तेव्हा मीच गॅस बंद केला.
स्कूटर उभी असायची तिथे, ओट्याच्या कडेला, तेलाचा डाग आणि मातीची एक मोकळी पट्टी. घरात शिरताना पाय अजून वळसा घेतो.
वर्षभर पुढचं दार जवळजवळ बंदच आहे. आई मागच्या दारानं ये-जा करते. पूर्वी संध्याकाळी ओट्यावर बसून भाजी निवडायची, रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायची. बाबा म्हणायचे, देवासचं पोलीस ठाणं आमच्या ओट्यावर आहे.
तिला परत तिथे बसलेली बघायचंय. त्या मोकळ्या जागेत काही हिरवं लावणार.

२५ मे, रवि.
मी शिकवते त्या शाळेला सुट्टी, म्हणून दिवसभर झाडांचाच विचार. हवं ते असं: बुटकं, गच्च, बारा महिने हिरवं, उन्हात टिकणारं. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र होतं, पण दारात काय लावावं हे कुणी शिकवलं नाही.
कण्हेर नको, विषारी. गल्लीतल्या बकऱ्या तोंड घालतात. मेंदी अस्ताव्यस्त वाढते. दुरंता प्रत्येक बँकेपुढे आहे. क्रोटन मला आवडतं, पण आई म्हणाली, "दवाखान्यासारखं दिसतं." तो दवाखाना कोणता ते विचारायची गरज नव्हती. खोडलं.
मग विचारलं, तुला कुठलं हवं?
"तुझं घर आहे. लाव काय लावायचं ते."
तुझं घर. एवढं म्हणून ताटं घासायला गेली.

१ जून, रवि. धार
मामीकडे आले, एकटीच. आईला चल म्हटलं तर म्हणाली, मागच्या दाराला कुलूप नीट लागत नाही. स्वतःच्या माहेरी न यायला हे कारण.
मामींच्या अंगणात सगळं करपलंय. एक झुडूप तेवढं हिरवंगार, चेंडूसारखं गोल, पानं तेल लावल्यासारखी. कुंती. इकडचे लोक मधुकामिनी म्हणतात.
मामी: "कात्री लावत राहिलीस तर कमरेच्या वर जायची नाही. सोडलीस तर माणसाच्या वर जाते. माझ्यासारखी. तुझ्या मामांनी कधी कात्री लावली नाही."
मामा पेपरमधून: "धाडसच झालं नाही."
खूप दिवसांनी हसले. हसताना लाजच वाटली थोडी, का ते कळलं नाही.
मामी म्हणाल्या, फुलं पांढरी, दोन-तीन दिवसांत झडतात, पण वास रस्त्यापर्यंत जातो. ठरलं.

६ जून, शुक्र.
शुक्रवार बाबांचा गजऱ्याचा दिवस होता. कारखान्यातून सुटले की देवीच्या टेकडीखालून मोगऱ्याचा गजरा घ्यायचे. पानात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत. दारातून आधी वास आत यायचा, मग त्यांची हाक. आई कामात असली तरी हात पुसून, पदर सावरून दाराशी जायची. माळायची तिथेच, ओट्यावर, आरसा न बघता.
ते गेल्यापासून तिच्या केसांत फूल नाही. वर्ष होतं तोवर समजू शकत होते. आता वर्ष संपलं. कोणत्या शास्त्रात लिहिलंय की

(आईनं हाक मारली. नंतर लिहायचं राहिलं.)

१५ जून, रवि.
नर्सरी, बायपासजवळ. माणूस पहिल्यापासून फायकसचा गोळाच गळ्यात मारत होता.
"बेन, ये ले जाओ. बंगले वाले सब ये ही ले जा रिये हैं."
मी म्हटलं, बंगला नाहीये आमचा.
"तो बन जाएगा."
शेवटी मागच्या रांगेतून मधुकामिनी काढून दिली. गुडघ्याएवढी, खाली तीन-चार फांद्या. एकच उंच काडी असलेली घेऊ नको, तिचा गोल होत नाही, हे मामींनी बजावलं होतं. रिक्षात मांडीवर घेऊन आले.

१७ जून
खड्डा खणायला घेतला. माळव्याची काळी माती, वरून दगड, खाली चिकट. समोरच्या घरातून पवार काकू: "एवढं शिकली आणि खड्डे खणते. लग्नात काय सांगायचं, मुलगी पोकलेन चालवते म्हणून?" मग स्वतःच टोपलीभर शेणखत आणून दिलं. काकू तशाच. आधी टोमणा, मग टोपली.
तेलाचा डाग लागलेली माती खरवडून काढली. फेकवेना. मागच्या भिंतीशी ठेवली.

२९ जून, रवि.
लावून दहा-बारा दिवस झाले. पानं पिवळी पडताहेत, शिरा तेवढ्या हिरव्या. पाणी साचत होतं, म्हणून उपसून मुरूम आणि वाळू घालून वाफा उंच केला. तरी पिवळीच. बोअरचं पाणी खारट, तेही असेल.
आई खिडकीतून बघते.

५ जुलै, शनि.
आज शाळेतून आले तर पुढचं दार उघडं.
आई ओट्याच्या पायरीवर, हातात तांब्या, कुंतीच्या मुळाशी आंबट ताक ओतत होती. मला बघून म्हणाली, "फुकट जात होतं." ताक आमच्याकडे कधी फुकट जात नाही.
मी चप्पल काढायला उगीच वेळ लावला.

२७ जुलै, रवि.
नवी पानं हिरवी आली. आई एक दिवसाआड पातळ ताक घालते. कालपासून काम झाल्यावर पायरीवर जरा टेकतेही. भाजी आतच निवडते, पण टेकते.
शाळेतल्या मुलांना पान दाखवायला नेलं. एकानं विचारलं, "मॅडम, इसके पत्ते कब गिरते हैं?" म्हटलं, एकदम गिरत नाहीत. थोडे गिरतात, थोडे येतात, म्हणून कळत नाही. घरी येताना तेच वाक्य डोक्यात.

१ ऑगस्ट, शुक्र.
श्रावणातला शुक्रवार. पवार काकू दारात: "सोनल, संध्याकाळी हळदीकुंकवाला ये गं. दूध-फुटाणे आहेत." माझ्यामागे आई उभी होती. काकूंनी तिच्याकडे बघितलं आणि नजर कुंतीवर नेली. "छान लागली हो."
मागच्या-मागच्या वर्षीपर्यंत काकूंच्या घरी दूध आटवायला आईच जायची.
आई म्हणाली, "नवी ओढणी घे. ती जुनी विटलीय."
मी गेले नाही. आई रागावली. माझ्यावर, काकूंवर नाही. मला हेच समजत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्र.
कुंतीला पहिल्या कळ्या. शेंड्याशेंड्यावर, तांदळाच्या दाण्याएवढ्या.
ठरवलं: पुढच्या शुक्रवारी हळदीकुंकू आपल्या घरी. इथल्यांचा सावन राखीलाच संपला, आपला श्रावण अजून एक शुक्रवार आहे. सगळ्यांना बोलावणार. आणि आई आत बसणार नाही.
आईला एवढंच सांगितलं की बायका येतील. म्हणाली, "दूध मी आटवते. वाटायला तू आहेसच."
म्हटलं, बघू. मनात ठरलेलं होतं.

२२ ऑगस्ट, शुक्र.
सकाळी कुंती उमलली. सगळी एकदम. ओटा पांढरा.
सं. सात-आठ बायका आल्या. हळदीकुंकू मी लावलं. आई आतून दुधाचे पेले देत होती. मी तिचा हात धरून बाहेर आणली. कुंतीचा तुरा तोडून ठेवला होता, तो तिच्या अंबाड्यात खोचला. सगळ्यांसमोर. म्हटलं, आमच्या घरी आता असंच.
नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग पवार काकू म्हणाल्या, "छान दिसतंय वहिनी." त्यांचा आवाज चांगला होता. खरंच चांगला होता.
आईनं तुरा काढला नाही. तो तसाच माळून सगळ्यांना दूध दिलं, फुटाणे दिले, एकीच्या सुनेची चौकशी केली, दारापर्यंत पोचवायला गेली. मला वाटलं, जमलं.
शेवटची बाई गेल्यावर भिंतीला हात टेकून उभी राहिली. तुरा काढून वाटीत पाण्यात घातला, बाबांच्या फोटोपुढे ठेवला.
"झालं तुझं?" एवढंच.

२३ ऑगस्ट, शनि.
पुढचं दार बंद.

७ सप्टें., रवि.
दार सकाळी थोडा वेळ उघडतं, मी आंघोळीला जाते तेव्हा. बाहेर येते तोवर परत बंद. ताक घालणं चालू आहे, माती ओली दिसते.
आमचं बोलणं मिठापिठाचं. रागावलीस का विचारलं, तर "नाही गं."
कुंती मात्र काय सुंदर झालीय. गच्च, गोल, हात आत जात नाही. नर्सरीवाला गल्लीत कुंड्या पोचवायला आला होता, थांबून बघत राहिला. "बेन, कटिंग किससे करवाई?" म्हटलं, कुणाकडून नाही, जातच अशी असेल. तो हसला. "ऐसी कोई जात नी होती."
फुलं पुन्हा आली नाहीत. खत कमी पडलं असेल म्हणून शेणखत घातलं.

१४ सप्टें., रवि.
आज केर भरताना सुपलीत बघितलं. हिरवे शेंडे, आणि त्यांवर दाण्याएवढ्या कळ्या. ताज्या.
रोज सकाळी. तिच्या नखांनी. म्हणून झुडूप गच्च झालं. शेंडा खुडला की खालून दोन फुटतात, हे मीच मुलांना शिकवते.
सुपली तशीच घेऊन आईपुढे गेले. काही विचारावं लागलं नाही.
"लोक काय म्हणतील म्हणून नाही," ती म्हणाली. "लोकांचं काय."
मग?
कणीक मळत होती, मळत राहिली. "मला फुलांची तशी आवड नव्हतीच, सोनल. गजऱ्यानं डोकं दुखायचं माझं. हे आणायचे म्हणून माळायची."
मी सुपली खाली ठेवली.
"त्या दिवशी तू खोचलंस त्याचं काही नाही. पण आदल्या रात्रीपासून वास सुटला होता. दाराकडून वास आला की मी हातातलं ठेवून पदर सावरते. मग लक्षात येतं." कणकेला पाण्याचा हात लावून, "पुन्हा पुन्हा नको ते."
मोगरा वेगळा आणि कुंती वेगळी, वास वेगळा, असं काहीतरी बडबडले मी. म्हणाली, "ठाऊक आहे मला. नाकाला कुठे ठाऊक आहे."
विचारलं, काढून टाकू झाड?
"कशाला? झाडाचं काय चुकलं. हिरवं राहू दे."
मी वर्षभर मनात पवार काकूंशी, रूढीशी, सगळ्या गल्लीशी भांडत होते. जिच्यासाठी भांडत होते तिला एकदाही

२८ सप्टें., रवि.
नवरात्र. टेकडीची गर्दी आमच्या गल्लीपर्यंत. लोक ओट्यावर टेकतात, कुंतीला हात लावून बघतात, विचारतात नकली आहे का.
आता आंघोळीला मुद्दाम वेळ लावते. न्हाणीघराच्या झरोक्यातून ओट्याचं टोक दिसतं. आई पायरीवर बसून एकेक शेंडा वळवून बघते, खुडते, पदराच्या ओच्यात टाकते. भाजी निवडायची तशीच. समोरून कुणी गेलं तर मान वर करून दोन शब्द बोलतेही.
रोज सकाळी ती ओट्यावर बसते. मला हवं होतं ते हेच होतं.

५ ऑक्टो., रवि.
मामींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. औषध घालायला घरात कुणी नाही, मामांचा हात थरथरतो. आई धारला गेली. स्वतःहून. मागच्या दाराचं कुलूप या वेळी आठवलं नाही.
निघताना कुंतीपाशी थांबली. मला वाटलं, काही सांगेल. "पाणी घाल. फार नको." एवढंच.

१२ ऑक्टो., रवि.
कळ्या आल्या. खुडलं नाही कुणी, म्हणून जिथे-तिथे. प्रत्येक शेंड्यावर झुपका.
घरात एकटीच. तिन्हीसांजेला दार उघडून पायरीवर बसले, आई बसायची तिथे. पवार काकू येऊन शेजारी बसल्या. म्हणाल्या, "त्या दिवशी माझंच चुकलं, वहिनींना बोलवायला हवं होतं." म्हटलं, काकू, ते तसं नाहीये. मग कसं आहे ते सांगता येईना. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मटार सोलायला दिले.

१६ ऑक्टो., गुरु.
आईचा फोन. मामी आता बऱ्या आहेत, उद्या येते म्हणाली. धनत्रयोदशीच्या आत घर झाडायला हवं.
मग: "कुंती कशी आहे?"
"बरी आहे."
"कळ्या आल्या असतील."
"हो."
"बऱ्याच?"
"बऱ्याच."
पलीकडून मामांचा टीव्ही ऐकू येत होता. वाटलं, आता म्हणेल, खुडून टाक. किंवा म्हणेल, राहू दे. "मामींना औषध घालायचंय," म्हणाली आणि फोन ठेवला.
नंतर कात्री घेऊन ओट्यावर गेले. एक झुपका कापला. हातात घेऊन उभी राहिले. कळ्या फुगल्यात, टोकं पांढरी, उद्यापर्यंत उमलतील. दुसऱ्याला कात्री लागली नाही. लावलीही नसेल मी.
कापलेला वाटीत घातलाय. फोटोपुढे ठेवला नाही, खिडकीत ठेवलाय.
उद्या शुक्रवार. सं. बस पोचते. बॅग जड असणार, मामी फराळाचं देतील. रिक्षा पुढच्या दाराशीच थांबते.