घरच्या मशीनवर बाबांचे बॉक्स

बाबा, तुमचे दोन्ही बॉक्स आज सकाळी मी घरच्या छोट्या अँप्लिफायरला जोडले. अँप्लिफायरला तुम्ही मशीनच म्हणायचात, म्हणून मीही मशीनच म्हणते. हे तेच वीस वॉटचं मशीन, जे आईच्या सकाळच्या भजनांसाठी तुम्ही घरी बसून जुळवलं होतं. आणि हे तेच बॉक्स, जे लग्नांत, कीर्तनांत, सभांत उभे राहायचे: खाली पंधरा इंची स्पीकर, वर बारीक आवाजाचा हॉर्न. तुम्ही असतात तर आधी माझा हात धरला असता. पण या खेपेला मी सगळं नीट केलंय, आणि नीट केलंय हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आईसाठी केलं. तिचं वय झालं, ऐकू कमी येतं. कानातलं यंत्र ती डबीत जपून ठेवते, सोनं असल्यासारखं. टीव्ही इतका मोठा लावते की भिंत हलते, आणि तरी तक्रार असते, "सगळे तोंडातल्या तोंडात बोलून राहिले वं. मले आवाज येते, बोल नाही येत." हे तिने दहादा म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. तुम्ही म्हणायचात, घुमघुम खालून येते, बोल वरून येते. टीव्हीच्या पाठीमागचे ते चिमुकले स्पीकर नुसते घुमतात. बोल पोचवायचे तर हॉर्न पाहिजे, आणि हॉर्न तर आपल्याच जिन्याखाली धूळ खात पडले होते.

सीताबर्डीला एका दुकानात वायरीच्या पिना घ्यायला गेले तर दुकानदाराने मलाच शहाणपण शिकवलं. "मॅडम, हे प्रोफेशनल बॉक्स. घरच्या अँपवर हलणार बी नाही. हजार वॉट पाहिजे. त्यापेक्षा एक साउंडबार घेऊन टाका ना." मी बावीस वर्षं आयटीआयमध्ये पोट्ट्यांना वायरिंग शिकवते. न कळणारा माणूस समजावून सांगायला लागला की मला लगेच ओळखू येतं. घरच्या स्पीकरला ज्या आवाजासाठी दहा वॉट लागतात, तो तुमच्या बॉक्समधून एका वॉटमध्ये निघतो. थोडं खाऊन जास्त बोलणारी जात आहे ती. मी त्याच्याशी वाद घातला नाही, पिना घेतल्या आणि आले.

तीन रविवार गेले. बॉक्सच्या तोंडावरचं कापड उतरवलं, आजोबांनी उमरेडच्या घरी मागावर विणलेलं, काळं, जाड, लाल काठाचं. हलक्या हाताने धुतलं, सावलीत वाळवलं, परत ताणून बसवलं. दोन्ही बॉक्स मीटरवर तपासले, खालच्या स्पीकरचा कागदी पडदा दिव्यासमोर धरून पाहिला, कुठे चीर नाही. मशीनचे नॉब फिरवले की खरखर करायचे, ते उघडून साफ केले. बॉक्सला जाड पिन लागते, मशीनला उघडी तार, म्हणून दोन नव्या वायरी स्वतः डाग देऊन केल्या, लाल-काळं तीनदा पाहून. मशीनच्या एका बाजूला एकच बॉक्स, दोन्ही एका जागी कोंबायचे नाहीत. चालू केल्यावर हॉर्नमधून बारीक सुरसुर आली. ती मशीनचीच, पूर्वीही असणार, पण घरच्या छोट्या स्पीकरने ती कधी सांगितली नव्हती. मग नेलपॉलिश घेतलं आणि नॉबच्या बाजूला, घड्याळात नऊ वाजतात त्या जागी, लाल खूण केली. याच्या पुढे कोणी जाणार नाही, मीसुद्धा.

ती खूण का, ते आता सांगते. तुम्ही लहानपणी आजोबांच्या मागाशी बसलेले. तुम्हीच सांगायचात, "धागा तुटायच्या आधी मागाचा आवाज बदलते. तुटल्यावर तं कोणालेही समजते." माग सोडून नागपुरात लाऊडस्पीकरचा धंदा टाकला, तरी तुमचा कान विणकराचाच राहिला. नॉबांसमोरच्या खुर्चीवर तुम्ही डोळे मिटून बसायचात आणि आवाज बिघडायच्या आधी तुमचा हात हलायचा. लोक तुमच्या मशीनला नाही, तुमच्या कानाला बोलवायचे. मला त्या खुर्चीचा फार अभिमान होता.

मी दहावीत होते. त्या रविवारी तुम्ही आणि आई पारशिवनीला साखरपुड्याला गेला होतात. शुक्रवारचं लग्न आटोपून आलेले बॉक्स पुढच्या खोलीत उभे होते, सोमवारी काल्याच्या कीर्तनाला जायचे होते. मोठं मशीन काकाकडे; धंद्यात तो तुमच्या जोडीला असायचा. माझ्या तीन मैत्रिणी आल्या. पोट्टीनं मशीनला हात लावायचा नाही, असं काका म्हणायचा. तुम्ही तसं कधी म्हणाला नाहीत, पण शिकवलंही नाहीत. मला दाखवायचंच होतं. मशीन एवढंसं, बॉक्स एवढे धिप्पाड, हत्तीला मुंगी काय करणार, असं माझं गणित. जुन्या तारांचे तुकडे सोलून बॉक्स मशीनला जोडले, कॅसेट लावली आणि नॉब चढवत गेले. नॉब शेवटाला टेकला. आवाज फाटला, मैत्रिणींना तो मोठाच वाटला, त्या नाचत राहिल्या. दुसऱ्या गाण्यात एका बॉक्सचा हॉर्न गप्प झाला. मी सगळं काढलं, जागच्या जागी ठेवलं आणि भूगोलाचं पुस्तक घेऊन बसले.

सोमवारी कीर्तनाच्या गावात एक बॉक्स पुरुषांकडे, एक बायकांकडे. मी आईजवळ बसले होते. बुवांनी पहिला शब्द उच्चारला आणि तुम्ही मान वळवलीत. मांडव ओलांडून आमच्या बाजूला आलात, हॉर्नला कान लावलात. बदलायला जादा बॉक्स नव्हताच. माझ्यामागची म्हातारी शेजारणीला विचारते, "काय म्हणून राहिले वं बुवा?" ती म्हणते, "काय माहीत, नुसती घुमघुम येऊन राहिली." काला वाटायच्या आधी बायका उठायला लागल्या. तुम्ही उभे राहून एकेकीला जाताना पाहत होतात. मी चटईचे धागे उपसत होते.

मंगळवारी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात फरशीवर हॉर्न उघडता. तिथेच उजेड बरा. आई कणकेची परात बाजूला सरकवते. आतली तार निघते, केसाइतकी बारीक, काळी पडलेली, जळका वास घरभर. तुम्ही मला जवळ बोलावता. "पाह्य बेटा. शुक्रवारी लग्नात लाइट डिम होती, मशीन पुरं देऊन नव्हतं राहिलं, अन् मी नॉब चढवत गेलो. बॉक्स मोठ्या मशीननं नाही मरत. लहान मशीन जीव तोडून ओरडते नं, त्यानं मरते. लक्षात ठेव." मग आईकडे न पाहता म्हणता, "जळायच्या आधी आवाज बदलला असन. मले समजलाच नाही. कान गेले माहे."

हॉर्न तुम्ही दुरुस्त केलात. पण पुढच्या कार्यक्रमाला खुर्चीवर काका बसला. तुम्ही तारा ओढल्या, बॉक्स उचलले, आणि कोणी विचारलं तर कानावर बोट ठेवून हसलात. मरेपर्यंत, नऊ वर्षं, तसंच. ज्या माणसाला पहिल्या शब्दाला बिघाड कळला, त्याचे कान गेले कसे? ते गेले नव्हते, हे एकट्या मला ठाऊक होतं. रोज वाटायचं उद्या सांगू. मग बारावी आली, मग नोकरी, मग तुमचं दुखणं. मला माझी लाज वाटते, बाबा, आणि खरं सांगायचं तर तुमचाही राग येतो. तुम्ही इतक्या लवकर स्वतःला दोषी धरलंत. एकदा तरी माझ्यावर संशय घ्यायचा होता.

आज आईला खुर्चीत बसवलं, भजन लावलं, नॉब खुणेवर. ती पुढे वाकून ऐकत राहिली. पहिलं भजन संपलं तेव्हा म्हणाली, "बोल येऊन राहिले वं. सगळे बोल येऊन राहिले." डोळे पुसले आणि म्हणाली, "तुह्या बाबाचे कान नसते गेले तं..."

हे वाक्य मी तीस वर्षं ऐकते आहे. काकाचा मुलगाही तेच सांगतो. मी मशीन बंद केलं, तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि मोठ्याने, सावकाश म्हटलं, "आई, बाबाचे कान नव्हते गेले. बॉक्स मी जाळला होता. त्या रविवारी, याच मशीनवर." तिने नॉबाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले काहून सांगून राहिली? त्याले सांगायचं होतं." मग तिनेच विचारलं, "तुले तवा समजलं नव्हतं का, बिघडून राहिलं म्हणून?" मी म्हटलं, "नाही वं. लहान होती मी." तिने मान हलवली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि भजन परत लावायला सांगितलं.

काकाचा मुलगा रविवारी येतो आहे, त्यालाही सांगणार आहे. मग जो जो कानाची गोष्ट काढेल त्याला. हे पत्र कुठे टाकायचं म्हणून बॉक्सच्या मागचं झाकण उघडून ठेवलंय, घडी करून आत ठेवीन आणि स्क्रू आवळीन.

पण त्याआधी आईला जे सांगितलं नाही ते लिहिते. समजलं होतं, बाबा. दुसरं गाणं सुरू झालं तेव्हाच आवाज बदलला होता. नाचणाऱ्या तिघींना पत्ताही नव्हता, मला मात्र तो स्वच्छ ऐकू आला. माझा हात नॉबवरच होता. मी तो खाली आणला नाही.