डॉक्टरांसमोर तू जे बोललीस

ताई,

सप्रेम नमस्कार लिहायला हात धजत नाही.

बारा वर्षांचा असताना मी फक्त तुला सांगितलं होतं, की माझ्या गुळगुळीत गालांवर मला दाढी खाजते. छातीला हात लागला की दचकायला होतं, कारण आतून ती मला सपाटच जाणवते. तू हसली नाहीस. "कुणाला बोलू नकोस, मीही नाही बोलणार," म्हणालीस.

म्हणून तर छातीच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी घरचं माणूस बोलावलं, तेव्हा मी तुलाच नेलं. आणि माझ्यादेखत तू म्हणालीस, "हिला लहानपणापासून नसलेलं जाणवतं, डॉक्टर. डोक्यावर परिणाम झालाय हिच्या." केसानं गळा कापणं त्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी फाईल मिटली. पुढची दोन वर्षं मी छाती आवळून बांधून शिंप्याच्या दुकानात कापड बेतत राहिलो.

मग दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं जाणवणारे तुम्ही एकटे नाही." गेल्या महिन्यात ऑपरेशन झालं. पट्ट्या सुटल्यावर हात फिरवला, तर इतकी वर्षं आतून जाणवायचं तेच हाताला लागलं. मी ढसाढसा रडलो. तेव्हाही शेजारी तूच हवीशी वाटलीस, याचा माझा मलाच राग आला.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. "मामा, घरी कधी येणार?"

"मामा म्हणायला कुणी शिकवलं गं?"

"आईनं! फार पूर्वीच. लोकांसमोर मावशी म्हणायचं आणि आपल्यात मामा."

म्हणजे डॉक्टरांसमोर बसलीस तेव्हाही मी कोण आहे ते तुला ठाऊक होतं. तुला कळलंच नाही, असं समजून मी कधीतरी माफ केलं असतं. आता कसं करू?

हे पत्र टपालात टाकणार नाही.

तुझा भाऊ