पेढा उपवासाला चालतो

नांदेड,
बुधवार, ११ मार्च २०२६

ती. सरोजिनीआत्यास,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. बाबांचं गुडघ्याचं रडगाणं चालूच आहे. आईने यंदा पापड उडदाचे केलेत, तुझा वाटा डब्यात भरून ठेवलाय. किनवटला तुझ्या वसतिगृहात फोन लागत नाही हे बरंच आहे. लागला असता तर मी नुसती रडले असते आणि तू "नीट बोल" म्हणून ओरडली असतीस.

मुद्द्यावर ये, म्हणशील. येते.

लातूरचा विरूपाक्ष आठवतो? बी.एस्सी.ला माझ्या वर्गात होता, आता वडिलांचं मोटार-पंपांचं दुकान सांभाळतो. सोमवारी मी त्याला लग्नाचं विचारायला गेले होते. हो, मीच. तो विचारेल म्हणून थांबले असते तर केस पिकले असते. न कळवता जायचं, पेढ्यांचा पुडा पुढे करायचा, तो म्हणणार "कशाचे?" आणि मी म्हणणार, "आपल्या लग्नाचे, तू हो म्हणालास तर." एसटीत लोह्यापर्यंत हे वाक्य मी इतक्यांदा पुटपुटले की शेजारच्या बाईंना वाटलं, मी जप करतेय.

दुकानात गल्ल्यावर त्याची आई, गुरम्मा.

"अगं बाई, पेढे! कुणाचं जमलं?"

मी लाजून म्हणाले, "माझं."

आता सांग, पेढे घेऊन आलेली मुलगी "माझं जमलं" म्हणाली, तर त्या माऊलीने काय समजावं? पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं, तेवढ्यात विरूपाक्ष गोदामातून आला.

"अप्पा, हिचं जमलं बघ! लई छान झालं!" गुरम्मांनी लेकाला सांगून टाकलं. घरात त्याला अप्पाच म्हणतात.

तो उभाच राहिला. मग "चांगलं झालं" म्हणाला. मी पेढा पुढे केला तर म्हणतो, "सोमवार हाय. उपवास हाय माझा."

आत्या, पेढा उपवासाला चालतो! अख्ख्या लातूरला माहीत आहे.

"आता तू बी हो म्हण," गुरम्मा त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "निलंग्याचं स्थळ कधीचं आलंय, हाच ऐकून न्हाई राहिला."

तो पंपाच्या खोक्याकडे बघत म्हणाला, "हाव. जाऊ रविवारी मुलगी बघायला."

आणि मी? मी चहा पिऊन परत आले.

घाबरले, असं तुला लिहिणार होते. पण ते खरं नाही. त्याचा चेहरा पडला ना, तो बघून मला आनंद झाला. इतकी वर्षं ज्याचा अंदाज लागत नव्हता ते समोर दिसलं, आणि वाटलं, अजून जरा बघू दे. तेवढ्यात रविवार ठरून गेला. कसली गं मी! की त्याचा उपवास खरंच कडक असेल, आणि मीच खुळ्यासारखी अर्थ लावत बसलेय? काही सुधरत नाही. बाबांना लिंगायताचं घर चालेल का, इथपर्यंत तर माझं डोकं अजून पोचलेलंच नाही.

इथवर लिहिलं, पेन ठेवलं आणि त्याला फोन लावला.

"बोला," म्हणाला. मला! जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं त्याने. मी एका दमात सांगून टाकलं, "माझं कुठंच जमलेलं नाही. तुलाच विचारायला आले होते, माझ्याशी लग्न करशील का म्हणून."

पलीकडे कुणीतरी पाइपाचा भाव विचारत होतं. मग तो म्हणाला, "थांब." आणि फोन ठेवला.

म्हणजे काय गं? गिऱ्हाईक गेल्यावर बोलतो, की विचार करू दे, की आता पुरे कर? फोन पुढ्यात घेऊन बसलेय. पण आत्या, तो "थांबा" नाही म्हणाला. "थांब" म्हणाला.

थांबलेली,
तुझी अपूर्वा