तिच्या वजनाइतका गूळ

सोमवार, २८ एप्रिल २०२५

पोचलो एकदाचे! गावाच्या वेशीवर ‘गेटवे टू द मॅली’ असा भला मोठा बोर्ड आहे. मॅली हा इकडचा कोरडा गव्हाचा पट्टा, म्हणजे इथून पुढे गहू, धान्याचे साइलो आणि आभाळ, बाकी काही नाही. शहरात, टार्निटच्या ट्रॅफिकमध्ये इतकी वर्षं घालवल्यावर हे रिकामं आभाळ बघूनच मला हसू फुटलं. स्वरदाने मागच्या सीटवरून विचारलं, आई, व्हेअर इज एव्हरीबडी? म्हटलं, सगळे तुझ्या बाबाबरोबर फ्रीवेवर अडकलेत.

उद्यापासून इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझी नोकरी सुरू. गावात भाड्याचं घर औषधालाही नाही, म्हणून हॉस्पिटलने आम्हाला तूर्त सिल्व्हर साइलो मोटेलमध्ये उतरवलंय. तिच्या बाबाचा, यतिनचा, नोटीस पिरियड संपला की तो ११ तारखेला, रविवारी, सामान घेऊन येईल. तोवर आम्ही दोघी मायलेकी.

मोटेल स्वस्तातलं आहे, पण सासूबाईंनाही नाव ठेवता येणार नाही इतकं स्वच्छ. एका रांगेत खोल्या, प्रत्येकीच्या दारात गाडी, आत किटली आणि दुधाच्या इवल्याशा डब्या. मालकीण नोई, साठीची, मूळची थायलंडची. एकटीच सगळं बघते. अंगणात पूर्वी स्विमिंग पूल होता, आता त्यात माती भरून जिरेनियम लावलेत. ऑफिससमोर खांबावर सोनेरी देऊळ आहे. त्यात हार, उदबत्ती आणि लाल सरबताच्या बाटलीत चक्क स्ट्रॉ! मागे पेपरकॉर्नच्या झाडाखाली आणखी एक आहे, साधं लाकडी, चार पायांवरचं. त्यात बाहुलीएवढी एका बाईची मूर्ती. पुढे कंगवा आणि लहान मुलीचे सँडल. मी दोन्हीकडे चपला काढून नमस्कार केला. परक्या गावात देवाशी ओळख असलेली बरी.

बुधवार, ३० एप्रिल

लॅब छोटी पण ऐसपैस. आम्ही मोजून तिघं. बॉस राजीव, मूळचा दिल्लीचा, मशीनशी हिंदीत भांडतो. काम झालं की म्हणतो, नो वरीज, घरी जा. शहरातल्या हॉस्पिटलात होते तेव्हा पार्किंग शोधण्यात जेवढा वेळ जायचा तेवढ्यात इथे माझा अर्धा दिवस उरकतो.

स्वरदाला प्रेपमध्ये, म्हणजे शाळेच्या बालवर्गात, घातलं आणि तिने पहिल्याच दिवशी खोकला घरी आणला. संध्याकाळपर्यंत अंग तापलं. हे आमचं नेहमीचंच. हवा बदलली की ताप, ताप आला की दम, दम लागला की इमर्जन्सी. पाच वर्षांची पोर, आणि तिला नेब्युलायझर हा शब्द ‘बाबा’च्या आधी आला असावा.

आईचा सांगलीहून फोन आला. तिचं पालुपद ठरलेलं आहे, पोरीला देवीच्या ओटीत घाल. आमच्याकडे सारखं आजारी पडणारं मूल असं देवीला देतात. पायाशी ठेवायचं, आजपासून हे तुझं म्हणायचं, आणि लगेच तिला मुलाच्या वजनाइतका गूळ किंवा निदान नारळ देऊन परत मागून घ्यायचं. मग ते मूल देवीचं, आपण फक्त सांभाळणारे. मला असंच घातलं होतं म्हणे. मी आईला म्हटलं, मी रक्त तपासते गं, मला हे सांगू नकोस. ती म्हणाली, मग तपास रक्त आणि बस रडत.

शनिवार, ३ मे

तीन दिवस ताप हटत नाही. डॉक्टर म्हणतात व्हायरल आहे, पॅनाडॉल द्या, पाणी पाजा. आज दुपारी स्वरदाने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलंच नाही. मी घाबरले. फार घाबरले. रक्तबिक्त सगळं विसरले.

टार्निटच्या हळदीकुंकवात मिळालेला ब्लाउजपीस बॅगेत होता. सुपरमार्केटमधून नारळ आणला, मूठभर तांदूळ घेतले. सोनेरी देवळात पांढऱ्या मिशीचे कोणी आजोबा आहेत, त्यांची ओटी कशी भरणार? म्हणून मागच्या बाईकडे गेले. पुढे कंगवा आणि लहान सँडल बघून वाटलं, पोराबाळांची देवी दिसते. ओटी भरली. स्वरदाला तिच्या पायाशी, गवतावर ठेवलं आणि म्हटलं, बाई, ही आजपासून तुझी लेक. तूच सांभाळ.

तेवढ्यात फोन वाजला. हायवेवर अपघात झाला होता, रक्त जुळवायला मी तातडीने हवी होते, ऑन-कॉल मीच. पोरीला उचललं, नोईच्या ऑफिसात सोफ्यावर निजवलं आणि धावले.

संध्याकाळी परतले तर ताप गायब! बाईसाहेब मांडी घालून नोईच्या हातची भाताची पेज ओरपत होत्या. मी नोईला मिठीच मारली. आईला फोन करून सांगितलं, जिंकलीस तू.

सोमवार, ५ मे

खोकलासुद्धा गेला. स्वरदा शाळेत गेली. माझ्या जिवात जीव आला.

आज तिची वेणी घातलेली होती. मी अंघोळीला गेले तेव्हा केस मोकळे होते, बाहेर आले तर बारीक, सुबक, घट्ट वेणी. मला जन्मात जमली नसती. नोईचे आभार मानायला गेले तर ती म्हणाली, मी तुझ्या खोलीकडे आलेच नाही. स्वरदाला विचारलं तर ती नुसती हसली.

केसांना क्लोरीनचा वास येतोय. शाळेत पोहायला नेलं का, असं मिसना विचारायला हवं.

मंगळवार, ६ मे

शाळेत स्विमिंग पूल नाही.

मिसने मला बाजूला घेतलं. खूप सांभाळून बोलत होत्या. म्हणाल्या, लंच टाइमला कुंपणाशी एक बाई उभी असते, केस ओले. स्वरदा तिच्याशी बोलते आणि आम्हाला सांगते, दॅट्स माय मम. घरात काही कस्टडीचा प्रश्न आहे का, कोर्टाची ऑर्डर असेल तर शाळेला द्या. मी म्हटलं, तिची मम मीच. मिस म्हणाल्या, ऑफ कोर्स. पण माझ्याकडे बघत होत्या त्या वेगळंच.

रात्री वरणभात दिला तर स्वरदा म्हणाली, थँक यू. पांघरूण घातलं, थँक यू. विमानातल्या बाईला म्हणावं तसं. एरवी ही पोर मला लाथा मारून झोपते. मी तिला जवळ ओढलं, पापा घेतला. तिने हळूच गाल पुसला.

बुधवार, ७ मे

नोईला झाडाखाली ब्लाउजपीस सापडला. तो हातात घेऊन ती खोलीवर आली, चेहरा पांढराफटक. हे कोणी ठेवलं, विचारलं. मी सांगितलं, सगळं सांगितलं. तिने दार लावून घेतलं आणि सांगायला लागली.

खूप वर्षांपूर्वी, ती इथे यायच्या आधी, एक बाई मुलीला घेऊन या मोटेलात राहिली होती. मुलगी पूलमध्ये बुडाली. बाई इथून हललीच नाही, खोलीतच जीव दिला. नोईने मोटेल घेतलं तेव्हा नळ आपोआप सुटायचे, गालिच्यावर ओली पावलं उमटायची. म्हणून तिने पूल बुजवला आणि बाईला राहायला ते छोटं घर बांधून दिलं, तिच्या गावी बांधतात तसं. रोज जेवण ठेवते. एवढंच ठेवायचं असतं. काही मागायचं नाही, दुसरं काही द्यायचं नाही.

नोई म्हणाली, दीप्ती, ती देवी नाही. ती कोणाची तरी आई आहे.

आणि मी पोर तिच्या पायाशी ठेवून तुझी म्हटलं. आणि फोन वाजला. आणि मी — परत मागून घेतलंच नाही.

गुरुवार, ८ मे

आईला फोन केला. आधी ओरडली, मग रडली. म्हणाली, अजूनही परत माग. पोरीच्या वजनाइतका गूळ दे आणि पदर पसरून माग.

नोईकडे ताडाच्या गुळाच्या चकत्या आहेत, स्वयंपाकाला वापरते. डबेच्या डबे काढून दिले. सुपरमार्केटमधली ब्राउन शुगरही सगळी आणली. बाथरूमचा वजनकाटा अंगणात ठेवला. स्वरदाला उभं केलं.

काटा हलला नाही.

मी उभी राहिले. माझं वजन नेहमीचं. पुन्हा तिला. शून्य. नोई उभी राहिली, बरोबर. पुन्हा तिला — शून्य. ती उन्हात उभी, नवीन वेणी घातलेली, माझ्याकडे बघून हसतेय. उचललं तर हातात फ्रॉक उचलल्यासारखं.

किती गूळ देऊ? शून्याला किती गूळ लागतो?

सगळा ठेवला तरी. ड्रेसला पदर नाही, ओढणी पसरली. परत दे म्हटलं. माझी आहे म्हटलं. गुळाला कोणी शिवलं नाही. साधी मुंगीही नाही.

शुक्रवार, ९ मे

पळाले. खड्ड्यात गेली नोकरी. तिला कार सीटमध्ये बसवलं, बेल्ट लावला, दोनदा ओढून बघितला. सारखी बोलत राहिले तिच्याशी, बाबाकडे जायचं, टार्निटला जायचं, तुझी सायकल. वेशीवरचा बोर्ड ओलांडला. आरशात बघितलं.

बेल्ट लावलेला. सीट रिकामी.

कशी वळवली गाडी आठवत नाही. झाडाखाली बसली होती, गवतावर. मागे कोणीतरी गुडघ्यावर — मला फक्त हात दिसले. ओले. वेणी घालणारे.

यतिनला फोन केला. तो म्हणतो तू दमली आहेस, एकटीने खूप केलंस. उद्या सामान गाडीत भरतो आणि परवा सकाळीच निघतो. मी म्हटलं आत्ता ये. तो म्हणाला स्वरदाला दे फोन. दिला. तिने ऐकलं आणि मला परत दिला. म्हणाली, सॉरी, आय डोन्ट नो हिम.

शनिवार, १० मे

शाळेत मदर्स डेचं कार्ड केलंय. चमकी लावून, टु माय मम. मला वाटलं — मी हातसुद्धा पुढे केला. ती माझ्या बाजूने गेली आणि झाडाखाली ठेवून आली.

काही खात नाही. आरपार दिसायला लागलीय, खिडकीत उभी राहिली की मागची गाडी दिसते. नोईला मी म्हटलं, तिला लेक हवी ना? कोणाचीही? मीही कोणाची तरी लेक आहे. नोईने कानांवर हात ठेवले. नको म्हणाली. थायमध्येही म्हणाली, खूप वेळ. मग रडली. पण होणार नाही असं नाही म्हणाली.

पोर गेली तर मी राहून काय करू? मला कोणी सांगा. काय करू?

रविवार, ११ मे

पहाटेच गेले. नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस. स्वतः बसले तिच्या पायाशी. म्हटलं, तिच्या बदल्यात मी. आजपासून मी तुझी लेक. तिला सोड. कुठलाही फोन वाजला नाही. पूर्ण म्हटलं, शेवटपर्यंत.

मग धावले खोलीत. उचललं तिला — जड! किती जड, माझी धोंड, हात भरून आले माझे. गुबगुबीत. घामट. ती डोळे चोळत म्हणाली, आई, आय’म हंग्री. आई म्हणाली. मी तिला धरून इतकी रडले की ती चिडली, लाथ मारली. मारली लाथ!

दोन टोस्ट खाल्ले. तिसऱ्या टोस्टसाठी हाक मारली, आई. मी समोरच होते. पुन्हा मारली. मी म्हटलं अगं इथे आहे. ती दाराबाहेर जाऊन बघून आली.

यतिन आलाय. तिला उचललं. म्हणाला केवढी जड झालीस. मला हाका मारतोय. बाथरूममध्ये बघितलं, गाडीत बघितलं. मी पलंगावर बसलेय, त्याच्या हाताच्या अंतरावर. माझ्या अंगावरून वाकून त्याने तिचं जॅकेट उचललं. ओरडले मी. घसा फाटेपर्यंत.

नोईला दिसतेय. दारातून बघतेय, हात जोडलेत. नोई, त्याला सांग तिला घेऊन जा म्हणून. थांबू नका. पोलीस नको, शोधू नका, आधी तिला बोर्डाच्या पलीकडे ने

केसांत बोटं आहेत. गार. माझे केस मोकळे करतेय

यतिन, तिला सवय आहे, घाबरली की ती बोलत नाही, रडतही नाही. नुसता तुझा कान धरते. तेव्हा काय झालं विचारू नकोस. दिवा लाव आणि तिला नुसतं