हार कोणत्या फोटोला

३ नोव्हें., सोम.
शकूचा उपास. तिचा सिनेमातला हीरो वारला तो दिवस. गेला तेव्हा तो एकतिसाचा, शकू विशीची. आता शकू बाहत्तरची, तो अजून एकतिसाचाच. लग्न न केलेली नणंद, जन्मभर आमच्यातच राहिली, म्हणून चालवून घेते. विचारलं, ‘‘त्याला कवळी लागली असती तर केला असतास उपास?’’
‘‘वहिनी, तुझ्या जिभेला हाड नाही.’’
साबुदाणा मीच भिजवला.

५ नोव्हें., बुध.
पुण्याहून मुलाचा, निखिलचा फोन. ह्यांचं वर्षश्राद्ध १६ला. हॉलमध्ये लावायला त्याने फोटो पाठवला. हे सत्तावीस वर्षांचे, मोबाईलवर रंग भरलेले. कपाळावर बट, गळ्यात रुमाल. सूनबाई मागून म्हणाली, ‘‘बाबा काय दिसायचे हो.’’ शकूने फोन छातीशी धरला.
मला हवाय तो दोन वर्षांपूर्वीचा, तसं सांगितलंही. स्वेटर, कानात मशीन. त्यावर कोणी काही बोललंच नाही.

६ नोव्हें., गुरु.
तो तरुणपणीचा फोटो तीनदा उघडून पाहिला. स्वतःचाच राग आला. लग्नाच्या दोन वर्षं आधीचा आहे. ह्या मुलाला मी माहीतसुद्धा नाही. माझ्याशी धड बोलायला लागले ते पन्नाशीनंतर. शेवटची सहा वर्षं अंघोळ, औषधं, भरवणं. तेवढं सगळं मग कुठे टांगायचं?

८ नोव्हें., शनि.
गुलमंडीत फ्रेमवाल्याकडे. रशीदभाईंनी दोन्ही पाहिले. ‘‘बाई, बुड्ढे लोगां के फोटो कोन देखता? जवानवाला लगाओ, लोगां थम के देखते.’’
म्हटलं, फ्रेम करता की सल्ला देता?
‘‘आप बोले वैसा.’’
म्हाताऱ्यांचाच फ्रेमला टाकला. गुडघे संपले आज.

११ नोव्हें., मंगळ.
म्हातारपणीचा फोटो फ्रेमला दिलाय, शकूला सांगितलं. रडली. मग तोंडातून निघून गेलं: हीरो गेला त्याच महिन्यात तिनेच दादाला स्टुडिओत नेलं होतं. आधी न्हाव्याला मासिकातलं चित्र दाखवून तसे केस कापवले. रुमाल तिचा. ‘‘तेव्हा सगळी पोरं तसेच फोटो काढायची, वहिनी.’’
म्हणजे रविवारी आम्ही त्या नटाच्या नकलेला हार घालणार होतो. ह्यांनी जन्मात सांगितलं नाही.
‘‘मग तू रडतेस कोणासाठी?’’
‘‘हीरोला कधी कोणी भरवायची वेळ आली नाही गं. तू दादाला भरवायचीस, मला बघवायचं नाही. मी आत जायचे.’’
जायची खरी. मी कामचुकार समजत होते.

१४ नोव्हें., शुक्र.
फ्रेम आणली, टांगली. कपाळावरच्या आठ्या स्पष्ट आल्यात. माझ्याशी भांडायच्या बेतात असल्यासारखे दिसतात. बरं वाटलं.

१५ नोव्हें., शनि.
निखिल दुपारी आला. बूट न काढता भिंतीसमोर उभा.
‘‘किती थकलेत ह्यात बाबा.’’
‘‘थकले होते.’’
‘‘लोकांच्या लक्षात असे राहायला हवेत का, आई?’’
म्हटलं, आधी बूट काढ.
त्याने तरुण फोटोची मोठी फ्रेम पुण्याहून करून आणलीय, मला न विचारता. सोफ्यावर टेकवून ठेवलीय. न्हाव्याची आणि रुमालाची गोष्ट त्याला सांगावी असं दोनदा ओठांवर आलं. शकू माझ्याकडे बघत होती. नाही सांगितली.
आता निघालाय फुलवाल्याकडे. दारातून विचारतोय, हार एक आणू की दोन.
थांब म्हटलंय. उभा आहे.