मस्टरवर अजून तुझंच नाव

आक्का, मेल्यावरसुद्धा माझ्या कामातली तुझी लुडबूड थांबत नाही. आज मुकादम मस्टर घेऊन आला. म्हणाला, "बाई, नशीब उघडलं. कंपनी जुन्या बायकांना पर्मनंट करतेय. यादीत तुमच्या बहिणीचं नाव हाय." मी म्हटलं, "ती जाऊन दहा वर्षं झाली. तिला आणखी काय पर्मनंट करता?" बायका हसल्या, तो नाही. "तिच्या कार्डावर तुमीच राबताय ना? मग करा तिच्या नावानं सही. स्वतःच्या नावानं यायचं तर सीलच्या मशीनवर लावतो, पण नवी भरती. पुन्हा टेम्परवारी."

तू गेलीस त्याच आठवड्यात त्याने मला तुझ्या कार्डावर चढवलं. नवीन नाव लिहायचा कंटाळा, दुसरं काय! तुर्भ्याच्या या औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायला मला आणलं तूच, तेव्हा बिनकार्डाची, रोजावर. आणि सीलच्या मशीनला हात लावला तर फाडकन मारलंस तूच. अजून दिसतेस, बोटांना खळ लागलेली, डोळे वटारलेले. "शिकू नको गं बये. ज्याला येतं त्यालाच जुंपतात, पगार तोच." वर्ष भरत आलं की आपल्याला ब्रेक द्यायचे, पर्मनंटचा हक्क लागू नये म्हणून. तू घरी बसून टिपं गाळायचीस. मी नाही बसले. दर ब्रेकला दुसऱ्या कुठल्यातरी गेटावर जाऊन उभी राहिले. साबणाच्या कारखान्यात सील शिकले, रंगाच्या कारखान्यात वजनकाटा. बिस्किटवाल्यांकडे तर मशीनचा उतरलेला पट्टा चढवायला शिकले, फिटर चहाला गेला होता तेवढ्यात. ब्रेक संपला की पुन्हा इथे, तुझ्याच कार्डावर. जुंपलं मला, खूप जुंपलं. पण आज मशीन अडली की बोलावणं मलाच येतं, तुझ्या त्या न शिकलेल्या मैत्रिणींना नाही.

आता तुझ्या नावाने राहिले तर कार्ड लेबलांचं, म्हणजे जन्मभर लेबलं, पण नोकरी जायची भीती नाही. माझ्या नावाने गेले तर मशीन माझी आणि नोकरी वाऱ्यावर. मला मशीन पाहिजे, आक्का. चोरून नाही, माझ्या नावाने पाहिजे.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, टाकणार तर नाहीच. एक मात्र कबूल करते. मघाशी कागदावर दोन्ही सह्या करून बघितल्या. तुझी झरझर आली, माझी मधेच अडली. शुक्रवारी दुपारी मुकादम सही घ्यायला येतोय. एवढी शहाणी होतीस ना, त्याच्या आत सांग कुणाचं नाव लिहू. नाही बोललीस तर माझंच लिहीन. मग बोंबलायचं नाही.