श्री. नजमुद्दीन सरखोत यांचे लाकडी घर उभे राहू न देणेबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, साळवेबंदर,
ता. मुरुड, जि. रायगड.

विषय : खाडीकाठच्या लाकडी घराचा सांगाडा रविवार, दि. ७ डिसेंबर २०२५ रोजी सकाळी सात वाजता उभा होणार असून तो त्यापूर्वी थांबविणेबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. पैकी पहिल्यास उत्तर नाही, दुसऱ्याची पोच नाही, आणि तिसऱ्याची चौकशी झाली ती अर्जदाराच्याच अंगावर आली.

महोदय,

आपला वेळ मौल्यवान आहे हे जाणून, आणि तो चौथ्यांदा घ्यावा लागत आहे याची खंत बाळगून, अर्जदार पुढील हकीकत आपल्या नजरेस आणू इच्छितो.

१. अर्जदार श्री. देवव्रत विष्णू वर्तक, वय ६६, हा जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षे नोकरी करून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला आहे. खाडीकाठी त्याची नारळ-सुपारीची वाडी व वाडीत स्लॅबचे पक्के घर आहे. नोकरीत असताना गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज त्यानेच लिहून दिले, त्यामुळे अर्जात स्वतःला 'मी' म्हणायचे नसते हे त्यास ठाऊक आहे. 'मी' म्हटले की राग कागदावर सांडतो.

२. अर्जदाराच्या वाडीच्या दगडी गडग्याला लागून श्री. नजमुद्दीन सरखोत यांची जागा आहे. सदर इसम कुवेतला सव्वीस वर्षे नोकरी करून दोन वर्षांपूर्वी पत्नी सकिना यांच्यासह गावी परतले. त्यांच्या आजोबांच्या पडक्या घराचे जोते खाडीकडे तोंड करून तसेच पडून होते व त्यावर गावच्या म्हशी बसत. त्याच जोत्यावर घर बांधायचे त्यांनी ठरविले व त्याची रीतसर परवानगी आपल्या कार्यालयाने दिली. अर्जदाराची त्यावर तेव्हा काहीच हरकत नव्हती. गल्फवाले बांधतात तसे दुमजली, गुलाबी, बाहेरूनही फरशा लावलेले घर ते बांधतील आणि आपण चार लोकांत नाक मुरडू, अशी अर्जदाराची अटकळ होती. त्याची तशी पूर्ण तयारी झाली होती.

३. परंतु सदर इसमांनी तसे केले नाही. ते थेट मोरू सुतार यांच्याकडे गेले. मोरू हे या खाडीवरचे होड्या बांधणारे शेवटचे सुतार होत. फायबरच्या होड्या आल्यापासून त्यांचा लाकूड तासायचा वाकस नऊ वर्षे खुंटीला लटकला होता. सदर इसमांनी त्यांस सांगितले की, "मोरूभाय, जशी होडी बांधता तसं घर बांधून द्या. घाई नाय." या दोन वाक्यांवर पंचाहत्तर किलोचा माणूस वितळला. मोरूंनी साग आणि किंजळीचे ओंडके वर्षभर खाडीच्या चिखलात दाबून ठेवले, बाहेर काढून पुढे सावलीत वाळविले आणि मग तासायला घेतले. एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला खाच, आणि दोन्हींच्या आरपार लाकडाची खुंटी, असे सारे सांधे आहेत. संपूर्ण घरात एक खिळा नाही. हे अर्जदारास कसे कळले याचा खुलासा परिच्छेद ६ मध्ये येईल.

४. येथे अर्जदारास एक जुनी गोष्ट नाइलाजाने नमूद करावी लागत आहे, कारण ती लपविली तर अर्ज खोटा ठरेल. मोरू हे अर्जदाराचे पहिलीपासूनचे मित्र. तेरा वर्षांपूर्वी अर्जदाराने घर बांधायला काढले तेव्हा मोरू आपण होऊन आले आणि म्हणाले, "देवा, लाकडात बांधू. नातवंडं म्हातारी होतील तुझी, पन घर न्हाय व्हायचं." त्यावर ओट्यावर बसलेल्या पाचसहा लोकांदेखत अर्जदार हसून म्हणाला होता की, लाकूड होडीला आणि चितेला, राहायला सिमेंट. लोकही हसले. मोरू हसले नाहीत, रागावलेही नाहीत. फक्त त्या दिवसापासून ते अर्जदारास 'देवा' म्हणायचे सोडून 'मास्तर' म्हणू लागले. संध्याकाळी चहाला मात्र ते नेमाने येत राहिले, त्यामुळे अर्जदाराने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. गेल्या दहा महिन्यांत ते एकदाही चहाला आलेले नाहीत. ते आता गडग्यापलीकडे सकिनाबाईंच्या हातचा चहा पितात, आणि सदर इसमांस 'नजू' म्हणतात.

५. घर पाहावे बांधून असे म्हणतात. अर्जदाराने पाहिले. खारी हवा स्लॅबमध्ये शिरली, सळया फुगल्या आणि व्हरांड्याच्या छताचे प्लास्टर पोपडे होऊन पडू लागले. शिवाय येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसावे म्हणून अर्जदाराने घराचे तोंड एसटीच्या रस्त्याकडे केले होते, त्यामुळे खाडीकडे फक्त मोरीची खिडकी आहे. तरीही मुरुडहून येणारी एसटी इतकी वर्षे आमच्या वळणावर थांबे तेव्हा कंडक्टर 'वर्तकांचा बंगला' असे ओरडत असे. गेल्या दिवाळीपासून तो 'लाकडी घर' असे ओरडतो. घर अद्याप उभेही नाही, महोदय! जमिनीवर आडवे पडलेल्या खांबांच्या नावाने एसटी थांबते, आणि उभ्या घराचा मालक मुकाट्याने खाली उतरतो. पुण्याहून आलेली अर्जदाराची मुलगी भार्गवी दोन दिवसांच्या मुक्कामातले दीड दिवस पलीकडे होती. जाताना तिने फोटो काढले ते तिकडचे. अर्जदाराची पत्नी सौ. पद्मा ही दुपारी भांडी घासून झाली की सांधे कसे बसवतात ते बघायला जाते. तिने अर्जदाराच्या घराचे बांधकाम चालू असताना एकदाही ते बघितले नव्हते. विचारले असता म्हणाली, "त्यात बघण्यासारखं काय होतं?"

६. सबब सदर कामात काहीतरी खोट असणारच, अशा खात्रीने अर्जदार दि. १७ ऑक्टोबर रोजी शुक्रवारी दुपारी, सदर इसम नमाजाला व मोरू जेवायला गेले असता, शाळेतला लाकडी गुण्या पिशवीत घालून जागेवर गेला. खांब, तुळया, वासे सर्व जोडून ओळीने मांडलेले होते. अर्जदाराने एकूण तीस कोपरे तपासले. कुठेही सुताभराचा फरक सापडला नाही. एकाही सांध्यात नखसुद्धा शिरले नाही. लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल दिलेले होते व त्याचा वास येत होता. तपासणीस दहा मिनिटे पुरेशी होती, परंतु अर्जदार तेथे एक तास बसला. बसण्याचे कारण अर्जदारास सांगता येत नाही. परत आल्यावर त्याला जेवण गेले नाही. लोक ज्याला पोटात दुखणे म्हणतात ते हेच, आणि अर्जदार ते लपवू इच्छित नाही. त्याला मत्सर वाटतो. पैशाचा वाटत नाही, जागेचा वाटत नाही. त्या तीस कोपऱ्यांचा वाटतो.

७. यानंतर अर्जदाराने कायद्याचा आधार घेण्याचे ठरविले. कार्तिकी पौर्णिमेच्या उधाणाला, सुट्टीचा दिवस असूनही, भर दुपारी पाण्याच्या कडेला उभे राहून त्याने भरतीच्या रेषेवर स्वखर्चाने आठ खुंट्या ठोकल्या आणि घर पाण्याच्या फार जवळ, म्हणजे नियमाच्या पन्नास मीटरच्या आत, असल्याचा तिसरा अर्ज दिला. त्यावर आपल्या कार्यालयातील श्री. विनेश टेप घेऊन आले. त्यांनी अर्जदाराच्याच खुंट्यांपासून मोजले असता सदर इसमांचे जोते अठ्ठावन्न मीटरवर भरले. मग त्यांनी टेप न गुंडाळता गडग्यावरून अलीकडे टाकला. अर्जदाराची मोरी चव्वेचाळीस मीटरवर भरली. करायला गेलो गणपती, झाला मारुती. गडग्यावर बसून बघणारे लोक कितीतरी वेळ हसत होते. सदर इसम मात्र हसले नाहीत. ते श्री. विनेश यांस म्हणाले, "मास्तरांचं घर पहिल्यापासून हाय. ते लिहू नका." अर्जदाराच्या घराला शेजाऱ्याच्या दयेची आजवर कधी गरज पडली नव्हती. सदर मोजणी केवळ गडग्याच्या पलीकडच्या बाजूपुरती ग्राह्य धरावी, ही विनंती अर्जदार या अर्जात करीत आहे. ती हास्यास्पद आहे हे तो जाणतो.

८. आता मुख्य मुद्दा. आमच्या खाडीवर नवी होडी पाण्यात लोटताना गावातल्या प्रत्येक घरचा एक तरी हात दोराला लागावा लागतो. त्या घराशी बोलणे नसो, कोर्टात दावा चालू असो, हात लागलाच पाहिजे. एका घरचा हात कमी पडला तर होडी त्या दिवशी किनाऱ्यावरच राहते. मोरूंना याखेरीज दुसरी रीत ठाऊक नाही, म्हणून त्यांनी घरालाही तीच लावली. जमिनीवर जोडून ठेवलेले खांब-तुळयांचे चारही गाळे रविवारी दोर लावून उभे करायचे आणि त्याला गावच्या बेचाळीस घरांचे हात लागायचे, असे ठरले आहे. गेल्या शनिवारी दिवेलागणीच्या आत मोरू दहा महिन्यांनी अर्जदाराच्या पायरीशी आले. खुर्ची दिली ती घेतली नाही. म्हणाले, "मास्तर, आयतवारी सात वाजता. एकेचाळीस घरांनी व्हय बोललंय. तुमचं राहिलंय." हात लागला नाही तर काय, असे अर्जदाराने विचारले. ते म्हणाले, "मग न्हाय उठवायचं. पडून राहील. मी तरी काय करणार?" मग त्यांनी वर छताकडे पाहिले आणि "ह्याला सिमिट लावून घ्या, वहिनींच्या डोक्यावर पडंल," एवढे बोलून चहा न घेता निघून गेले. तीन अर्ज कुणाच्या सहीचे आहेत हे गावात सर्वांना माहीत आहे. त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर अर्जदारास बरे वाटले असते.

९. यावर आपण म्हणाल की, अर्जदाराने रविवारी घरी बसावे म्हणजे काम आपोआप थांबेल, त्यासाठी सरकारी कागद कशाला? अर्जदारानेही तसाच विचार केला होता. परंतु सौ. पद्मा हिने आत कणीक मळता मळता सर्व ऐकले व ती म्हणाली, "घरचा एकच हात लागतो ना? तुम्ही बसा घरी. मी जाते." अर्जदाराने तिला मनाई करावी असे आपण सुचवाल. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात अर्जदाराने तसे धाडस केलेले नाही, व या वयात नव्याने सुरुवात करण्याची त्याची इच्छा नाही. म्हणजे आता घर उभे राहणारच. ते पद्माच्या हाताने उभे राहील, बेचाळीस घरे तिथे असतील, आणि अर्जदार मोरीच्या खिडकीतून बघत असेल. गेल्या चार रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.

सबब, अर्जदाराची हात जोडून विनंती की :

(अ) सदर सांगाडा उभा करण्यास शनिवारी सायंकाळपर्यंत लेखी मनाई द्यावी. कारण कोणतेही चालेल.

(ब) तसे करणे नियमात बसत नसल्यास सदर कार्यक्रम किमान पंधरा दिवस पुढे ढकलावा, जेणेकरून अर्जदारास मनाची तयारी करण्यास अवधी मिळेल.

(क) तेही शक्य नसल्यास, अर्जदार रविवारी सकाळी पावणेसात वाजता, सौ. पद्मा घरातून निघण्यापूर्वी, स्वतः जागेवर हजर होऊन दोराला हात लावील, व पुढे उभ्या राहणाऱ्या घराची संपूर्ण जबाबदारी आपल्या कार्यालयावर राहील. मात्र अशा परिस्थितीत, दोराच्या तोंडाशी मोरू सुतार उभे राहतील तेव्हा त्यांच्या लगतची जागा अर्जदारास मिळावी आणि त्या जागेवर श्री. नजमुद्दीन सरखोत यांनी उभे राहू नये, असा स्पष्ट आदेश आपल्या सही-शिक्क्याने काढण्यात यावा. (अ) आणि (ब) फेटाळले तरी चालतील. (क) फेटाळू नये.

आपला, अद्याप नम्र,

(सही)
देवव्रत विष्णू वर्तक
मु. पो. साळवेबंदर, ता. मुरुड, जि. रायगड
दि. ३ डिसेंबर २०२५

सोबत :
१) पूर्वीच्या तीन अर्जांच्या प्रती.
२) सांगाड्याचे फोटो, नग अकरा. (कु. भार्गवी हिने काढलेले. काम झाल्यावर परत मिळावेत, अर्जदाराकडे दुसरी प्रत नाही.)